पोट साफ होतं का?

केशवराव रोज पहाटे पावणेसहाला आत जायचे आणि साडेसहाला बाहेर यायचे. मधल्या त्या पाऊण तासावर आपल्या चेहऱ्याचं भवितव्य अवलंबून आहे, हे त्यांच्या सुनेला, म्हणजे मेघाला, कळायला लग्नानंतरची पाच वर्षं आणि भंडाऱ्याचा एक त्वचारोगतज्ज्ञ लागला.

अड्याळच्या त्या घरात माणसं पाच आणि संडास एक. तोही परसात, तुळशीपासून वीस पावलांवर. आणि केशवराव हे काही साधेसुधे सासरे नव्हते. गाव हागणदारीमुक्त करायची समिती झाली तेव्हा तिचे अध्यक्ष तेच होते. पहाटे शिट्टी घेऊन तलावाच्या पाळीवर उभं राहून त्यांनी अर्ध्या गावाला अर्ध्यातून उठवून घरी पाठवलं होतं. ती शिट्टी अजूनही देवघराशेजारच्या खिळ्याला लटकत असे. गावासाठी एवढं केलेल्या माणसानं स्वतःच्या संडासात चार घटका जास्त काढल्या तर बोलायचं कोणी? आत ते मोबाइलवर बातम्या ऐकत. देशाची, राज्याची आणि हवामानाची स्थिती समजली की बाहेर येत, पोटावरून हात फिरवत आणि गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात जाहीर करत, "झालं बाप्पा मोकळं!"

त्यांच्यानंतर कुलदीप, मेघाचा नवरा. त्याला सातला खतांचं दुकान उघडायचं असे. मग नळ येई. मग सासूबाईंचा, सुशीलाबाईंचा चहा, भाजी, पोळ्या. मेघाचा नंबर लागेपर्यंत साडेनऊ वाजलेले असत आणि तोवर चार वर्षांची गुड्डी उठलेली असे. ती दाराबाहेर उकिडवी बसून विचारायची, "मम्मी, तू काय करून राहिली? मम्मी, झालं का? मम्मी, बकरी आली." दाराला कडी होती, पण ती नावाला. गुड्डीनं ढकललं की बकरीसुद्धा आत डोकावत असे. अशा परिस्थितीत थोरामोठ्यांचंही काही झालं नसतं, मेघा तर बी.एस्सी.

पोटाचा स्वभाव मानी असतो. त्याच्या वेळेला त्याला विचारलं नाही की ते रुसतं. पाच वर्षांत मेघाचं पोट असं रुसलं होतं की तिला स्वतःलाच त्याची आठवण राहिली नव्हती. चेहऱ्याला मात्र होती. कॉलेजात जिच्या गालावर तीळही नव्हता, तिच्या हनुवटीवर अठ्ठाविसाव्या वर्षी मुरुमांची वस्ती झाली. कपाळावर तर एक मावळायच्या आत दुसरा उगवायचा.

तरीही मेघानं ते सोसलं असतं. पण शहापूरहून फोन आला. हायवेवरच्या एका शाळेला विज्ञानाची शिक्षिका हवी होती. मेघाचा अर्ज त्यांना पसंत पडला होता. एकवीस दिवसांनी, शुक्रवारी, मुलाखत आणि सातवीच्या वर्गावर एक पाठ. विषय शाळेनंच दिला होता: पचनसंस्था.

लग्नानंतर पहिल्यांदाच कोणीतरी मेघाला मेघा म्हणून बोलावलं होतं. गुड्डीची मम्मी किंवा कुलदीपची बायको म्हणून नाही. तिनं ती तारीख कॅलेंडरवर इतकी घट्ट लिहिली की मागच्या पानावर, मे महिन्यात, एकादशीच्या पोटात तिचा वळ उठला. कुलदीप म्हणाला, "मले काही नाही बाप्पा, आईले विचार." सुशीलाबाईंनी तांदूळ पाखडता पाखडता वर पाहिलं आणि म्हणाल्या, "जा ना. गुड्डीले मी पाहीन. पण आधी तोंडाचं काही पाह्य. पोरं हासतील."

सासूबाईंच्या मनात वाईट काही नव्हतं. तांदळातल्या खड्यासारखं त्यांनी ते सहज वेचून बाजूला ठेवलं होतं. पण मेघाला तो खडा लागला. सातवीची मुलं काय असतात ते तिला ठाऊक होतं. पुढं आतड्याचं चित्र असलं तरी ती बाईंच्या हनुवटीकडेच पाहतात.

म्हणून भंडाऱ्याचा त्वचारोगतज्ज्ञ. त्याच्या केबिनची व्यवस्था वेळ वाचवणारी होती. एक रुग्ण तपासणीच्या स्टुलावर आणि पुढचे तिघं आतच भिंतीशी बाकावर. डॉक्टरांनी भिंगातून मेघाची हनुवटी पाहिली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "पोट साफ होतं का?"

बाकावर दिघोरीचा एक गृहस्थ मघापासून दंड खाजवत होता. तो थांबला. उत्तर ऐकायला थांबला.

"हो," मेघा म्हणाली.

"रोज?"

"हो."

"सकाळी?"

"हो," मेघा म्हणाली. एका दमात तीन वेळा खोटं ती आयुष्यात बोलली नव्हती. दिघोरीचा गृहस्थ पुन्हा खाजवायला लागला.

"मग ठीक आहे," म्हणत डॉक्टरांनी मलम लिहिलं. "तळलेलं, गोडधोड कमी करा. आणि पोटाकडे लक्ष असू द्या. नेहमी तेच कारण असतं असं नाही, पण बऱ्याच जणांचं आतलं वर उमटतं."

घरी येऊन तिनं मोबाइल उघडला आणि मोबाइलनं तिच्या दुःखाचा डोंगर उपसून पुढ्यात ठेवला. आतडं आणि कातडी यांचं म्हणे आतून बोलणं चालू असतं. आतड्यात कोट्यवधी जंतू राहतात, त्यांचं बिनसलं की चेहऱ्यावर निषेध नोंदवला जातो. मेघाला बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला सूक्ष्मजीवशास्त्रात एकाहत्तर गुण होते. त्या जंतूंची तिनं रात्रंदिवस नावं पाठ केली होती. शेवटी ओळखीच्यांनीच दगा दिला.

उपाय साधा होता. पहाटे उठून उपाशीपोटी चार ग्लास कोमट पाणी. मेघा सव्वापाचला उठली आणि प्यायली. आणि काय सांगावं, पाच वर्षांनी पोटानं हाक दिली. अगदी स्पष्ट. पाच वाजून पन्नास मिनिटांनी. ती लगबगीनं परसात गेली तर दार बंद आणि आतून मुख्य बातम्या पुन्हा एकदा.

सुनेनं सासऱ्याचं संडासाचं दार वाजवायचं असलं तर काय शब्द वापरायचे, हे कोणत्याही पुस्तकात दिलेलं नाही. "बाबूजी, आटपा" म्हणावं की "बाबूजी, मी आले" म्हणावं? पहिलं उद्धट आणि दुसरं भयंकर. उभं तर राहवेना. मेघानं तुळशीला प्रदक्षिणा घालायला सुरुवात केली. अकरा झाल्या. सुशीलाबाई दारात आल्या, सुनेची ओढलेली मुद्रा पाहून त्यांचे डोळे पाणावले आणि त्या हळूच म्हणाल्या, "देवाचं करून राहिली. चांगलं हाय." साडेसहाला दार उघडलं. "झालं बाप्पा मोकळं!" तोपर्यंत पोटानं हाक मागं घेतली होती.

पण भिंतीपलीकडं शकुनबाई होत्या. शकुनबाईंच्या नजरेतून गल्लीतलं काही सुटत नसे आणि त्यांची कुजबुज तिसऱ्या घरापर्यंत जाई. "काहून व मेघा," त्या भिंतीवरून वाकून कुजबुजल्या, "तुळशीले असं पोट धरून कोणी फिरते काय? पोटाचं हाय ना? तवाच तोंडावर फुटून राहिलं. गरमी हाय ते, आतली. एरंडीचं तेल घे. दोन चमचे. सारं साफ."

कुजबुज ऐकून सुशीलाबाईंनी गुळवेलीचा काढा उकळत ठेवला, कारण शेजारणीनं आपल्या सुनेला औषध द्यावं आणि आपण पाहत राहावं, हे त्यांच्या घराण्यात बसत नव्हतं. कुलदीप दुकानातून येताना इसबगोलाचा डबा घेऊन आला, कारण तोही शेवटी नवरा होता. तिघंही समोर उभे राहिले. कोणाचं घ्यायचं आणि कोणाचं नाही म्हणायचं? मेघाला नाही म्हणता येत नसे. इतकं साधं दार वाजवता येत नव्हतं, तिथं हे कुठलं. तिनं तिन्ही घेतली.

पाच वर्षं ज्या पोटानं कोणाचं ऐकलं नव्हतं, त्यानं दुसऱ्या दिवशी तिघांचंही ऐकलं. दोन दिवस मेघा आडवी होती. त्यात एप्रिलचं ऊन, वीज गेलेली, कूलर मुका. मानेवर आणि गळ्याखाली घामोळ्या उठल्या. तिसऱ्या दिवशी शकुनबाई वाटी घेऊन आल्या. "आतून झालं, आता वरून कर. लिंबू न् खायचा सोडा. चोपडून ठेव, घटकाभर." घटकाभरानं मेघाचा चेहरा परसातल्या टमाट्यांशी स्पर्धा करू लागला.

चौथ्या दिवशी, शनिवारी सकाळी, ती उंबऱ्यात आली. लाल तोंड, त्यावर पुरळ, मानेवर बारीक दाणे, अंग कोमट आणि डोळे खोल. सुशीलाबाईंनी उजेडात तिच्याकडं पाहिलं. हातातलं सूप खाली ठेवलं. पदर डोक्यावर घेतला आणि हात जोडले. मेघाला नव्हेत, मेघाच्या आत जी कोणी होती तिला.

"माय आली," त्या म्हणाल्या.

अड्याळात माय आली म्हणजे काय, हे बाहेरच्याला एका वाक्यात सांगायचं तर अंगावर देवी येणं, डॉक्टरांच्या भाषेत कांजण्या. पण एका वाक्यात मावेल अशी ती पाहुणी नव्हे. तिच्या येण्यानं घराचं सगळं सरकार बदलतं. दाराला निंबाचा पाला लागतो. चुलीवर फोडणी बंद, तेल बंद, तिखट बंद, मासे बंद, पुरुषांची दाढी बंद. जिच्या अंगात माय, तिला वेगळी खोली, पांढरं अंथरूण, दहीभात. तिच्याशी चढ्या आवाजात बोलायचं नाही. सात दिवसांनी मातामायच्या ठाण्यावर जाऊन, पाणी वाहून, तिला थंड करून निरोप द्यायचा.

"आई, ते लिंबू-सोड्यानं झालं," मेघा कळवळून म्हणाली. "मानेवर घामोळ्या आहेत. बाकीचे तर माझे जुनेच."

"असं म्हणू नोको व. ऐकते ते."

"पण आई, खरंच—"

"कायनं झालं म्हणते?" ओसरीवरून केशवरावांनी विचारलं.

मेघानं तोंड उघडलं. सोड्याचं सांगायचं तर एरंडेलाचं सांगावं लागणार. एरंडेलाचं सांगायचं तर तुळशीच्या प्रदक्षिणांचं. आणि प्रदक्षिणांचं सांगायचं तर पावणेसहा ते साडेसहाचं, खुद्द पावणेसहा ते साडेसहाला. तिनं तोंड मिटलं. कुलदीपनं दाराला निंब बांधला.

पहिल्या दिवशी रडून झाल्यावर तिनं कॅलेंडर पाहिलं. मुलाखत सातव्या दिवशी, शुक्रवारी सकाळी. मायचा निरोप त्याच संध्याकाळी. काही तासांचा तो फरक पाहून तिला पुन्हा रडू आलं. सुशीलाबाई धावत आल्या. "काय पाह्यजे, सांग. माय मागन ते द्या लागते. नाही म्हणता येत नाही."

मेघा ताडकन उठून बसली. "मला शुक्रवारी मुलाखतीला जायचंय."

सुशीलाबाईंनी कानाला हात लावले. "ते सोडून माग. माय अंगात असताना शीव नाही ओलांडत कोणी."

म्हणजे जगातलं सगळं मिळणार होतं, फक्त जे हवं तेच नाही. आणि तिनं जो आवाज काढला तो तिनं स्वतःही पूर्वी कधी ऐकला नव्हता.

"मग सकाळी पावणेसहाला संडास मला पाहिजे! आणि दार कोणी वाजवायचं नाही. कोणी म्हणजे कोणीच नाही. बकरीनं पण नाही."

सगळ्यांनी केशवरावांकडं पाहिलं. केशवरावांनी खिळ्यावरच्या शिट्टीकडं पाहिलं.

"मायचा शब्द हाय," सुशीलाबाई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात भक्ती होती, हे नक्की. आणखी काय होतं, ते मेघाला तेव्हा कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे हागणदारीमुक्त समितीचे माजी अध्यक्ष, डोक्यावरून दुपट्टा घेऊन, हातात प्लास्टिकचा डबा लपवत तलावाच्या पाळीवर गेले. वर्षानुवर्षं त्या पाळीवर पाय न ठेवल्यानं त्यांना वाट सापडेना. नेमका तिकडून कवडू येत होता. याच कवडूला त्यांनी एकदा शिट्टी वाजवून, धोतर सावरत, बांधावरून पळवलं होतं. कवडूनं दुपट्ट्याखाली वाकून पाहिलं आणि अदबीनं विचारलं, "काय गा अध्यक्षसाहेब, आज शिट्टी नाही आणली?" ही गोष्ट नळ यायच्या आत गावभर झाली. केशवराव घरी आले तेव्हा "झालं बाप्पा" म्हणाले नाहीत. झालंही नव्हतं.

आणि मेघा? मेघा आत होती. कडीत निंबाची डहाळी खोचलेली. बाहेर गुड्डी नाही, बातम्या नाहीत, बकरी नाही. पहिल्या दिवशी तर नुसती ती शांतता ऐकण्यातच तिची दहा मिनिटं गेली. दुसऱ्या दिवशी पोटानं चाहूल दिली. तिसऱ्या दिवशी, कसलंही चूर्ण, काढा, तेल न घेता, ते शहाण्या मुलासारखं वागलं. दहीभात, भाताची पेज, काकडी, ताक. तेलाचा थेंब नाही. दुपारी झोप. चार दिवसांत तोंडाची लाली उतरली, कपाळ सपाट झालं आणि हनुवटीवर नवीन काही उगवलं नाही. मेघा आरशात पाही आणि तिला संताप येई. जे मोबाइलनं सांगितलं, डॉक्टरांनी सांगितलं, तिच्या एकाहत्तर गुणांनी सांगितलं, ते या घरात पाच वर्षांत घडलं नव्हतं. ते घडवायला निंबाचा पाला लागला. आणि सगळं श्रेय जाणार होतं पाल्याला.

"चेहरा कसा निवळून राहिला!" सुशीलाबाई दारातून म्हणायच्या. "माय प्रसन्न हाय."

निवळलेला चेहरा घेऊन जायचं कुठं, हा प्रश्न होता. तिनं कुलदीपला बोलावलं. "शाळेत फोन करा. म्हणावं, बायकोला बरं नाही, दोन दिवस पुढची तारीख द्या. एवढंच म्हणा. जास्त काही बोलू नका."

कुलदीप परसात जाऊन फोन करून आला. प्रामाणिक माणूस. त्याच्या प्रामाणिकपणाची मेघाला नेहमीच भीती वाटायची.

"काय म्हणाले?"

"कारकून हायेत कोणी मधुकरराव. ते म्हणाले, तारीख वाढत नाही."

"तुम्ही काय सांगितलं?"

"खरं ते सांगितलं. घरी माता आली म्हणून." कुलदीपनं मान खाजवली. "तर ते म्हणाले, मग तर गेटच्या आतच घेणार नाही. संसर्ग नाही असं डॉक्टरचं सर्टिफिकेट आणा लागते."

सर्टिफिकेटचा विचार करायलाही मेघाला वेळ मिळाला नाही, कारण तेवढ्यात आशाताई आल्या. त्यांचं नाव भावना. निंबाचा पाला पाहून त्या उंबऱ्याबाहेर थबकल्या. गावची सून म्हणून त्यांनी आधी हात जोडले, मग आशाताई म्हणून मोबाइल काढला. "ताई, सांगा बरं. ताप? पुरळ? कवापासून?"

"भावनाताई, हे ते नाही हो. मुरुम आहेत. लिहू नका."

"माय आली म्हणून गावभर झालं, ताई. न लिहून कसं होते?" भावनानं बोट टेकवलं. "झालं. संशयित."

"आता काढा ना ते!"

"आत जाते ताई, बाहेर नाही येत," भावना हताशपणे म्हणाली. "काढायचं असन तर डॉक्टरसाहेबच काढतात. ते ट्रेनिंगले भंडाऱ्याले गेले. गुरुवारी येतात."

"कसलं ट्रेनिंग?"

"हेच भरायचं."

गुरुवारी सकाळी जीप आली. डॉक्टर कोवळे होते, नुकतेच आलेले. त्यांना अंगणात खुर्ची दिली. मेघा उंबऱ्यात. मधलं अंतर संसर्गाच्या नियमाप्रमाणं राखलेलं, म्हणजे बोलायचं तर मोठ्यानंच. आणि गल्ली? गल्लीनंही अंतर राखलं होतं. कुंपणापलीकडं, जिथून दिसतं कमी पण ऐकू सगळं येतं, इतकं. पुढं शकुनबाई, मागं कवडू. ओसरीवर पाच दिवसांची पांढरी दाढी वाढलेले केशवराव.

डॉक्टरांनी लांबूनच पाहिलं, मग मास्क लावून जवळ येऊन पाहिलं. "हे कांजण्यांसारखं दिसत नाही," ते पुटपुटले. "फोड नाहीत, खपल्या नाहीत. हनुवटीवरचे तर जुने आहेत. चेहऱ्याला काही लावलं होतं?"

मेघानं कुंपणाकडं पाहिलं. शकुनबाई एकदम आभाळाकडं पाहू लागल्या.

डॉक्टर परत खुर्चीवर जाऊन बसले. फॉर्म मांडीवर घेतला आणि तिथून मोठ्यानं विचारलं, "पोट साफ होतं का?"

तोच प्रश्न. मेघाला सगळं लख्ख दिसलं. ‘हो’ म्हटलं की डॉक्टर बुचकळ्यात पडणार, संशयित तसंच ठेवणार आणि जीप जाणार. मग उद्या पहाटे पावणेसहाला पुन्हा ती शांतता, दहीभात आणि सगळ्यांचा मान. फक्त शहापूरच्या वर्गात दुसरीच कोणी बाई आतड्याचं चित्र काढणार. आणि ‘नाही’ म्हटलं तर सर्टिफिकेट मिळणार, पण माय त्या क्षणी घरातून जाणार. उरणार ती बद्धकोष्ठाला देवी म्हणवून घेणारी आणि सासऱ्याला डबा घेऊन तलावावर पाठवणारी सून.

कवडू कुंपणावरून पुढं वाकला.

"नाही," मेघा म्हणाली. आवाज बारीक निघाला.

"काय? ऐकू नाही आलं."

"नाही!" मेघा ओरडली. "नव्हतं होत, डॉक्टर! पाच वर्षं झाली! घरात संडास एक आहे. पावणेसहा ते साडेसहा तो रिकामा नसतो. मग नळ येतो, मग पोळ्या, मग ही पोरगी दार ढकलते. मी चार ग्लास पाणी पिऊन तुळशीला अकरा प्रदक्षिणा घातल्या, त्या भक्तीनं नव्हत्या! मग एरंडेल, काढा आणि इसबगोल एकाच दिवशी घेतलं. मग तोंडाला लिंबू आणि सोडा लावला. आणि आता पाच दिवस झाले, मला कोणी हाक मारत नाही, तर होतं. रोज होतं. सकाळी होतं!"

एवढं बोलून ती उंबऱ्यातच बसली.

"बकरी पण आली होती," गुड्डीनं डॉक्टरांना सांगितलं.

"सोडा म्या चिमूटभर सांगितला होता बाई," शकुनबाई कुंपणापलीकडून कुजबुजल्या. तिसऱ्या घरापर्यंत ऐकू गेलं.

केशवराव उठले. आत गेले. देवघरापाशी काहीतरी खुट्ट वाजलं. खिळ्यावरची शिट्टी नाहीशी झाली होती.

डॉक्टर मनापासून काम करणारे होते, हे मेघाचं दुर्दैव. त्यांनी सर्टिफिकेट पूर्ण भरलं. ‘मुरुम व घामोळ्या. संसर्गजन्य नाही. मुलाखतीस जाण्यास योग्य.’ आणि कारण या रकान्यात, तो रिकामा सोडायला हरकत नव्हती, तरी वळणदार अक्षरात लिहिलं: ‘दीर्घकालीन मलावरोध’. खाली सही, शिक्का.

सुशीलाबाईंनी मुकाट्यानं दाराचा निंब काढला. त्या संध्याकाळी सहा दिवसांची साठलेली फोडणी कढईत अशी तडतडली की सगळं घर ठसकलं. मेघाशी कोणी बोललं नाही. शुक्रवारी पहाटे पावणेसहाला संडासाचं दार बंद झालं. आतून बातम्या ऐकू आल्या नाहीत. पण दार बंदच होतं.

शाळेत मधुकररावांनी सर्टिफिकेट ओठ हलवत वाचलं. ‘मलावरोध’ दोनदा वाचलं. मग ते मेघाच्या अर्जावर, सगळ्यात वर, स्टेपल करून मुलाखत घेणाऱ्या तिघांपुढं ठेवलं. तिघांनीही वाचलं आणि तिघांनीही तिच्याकडं फार सहानुभूतीनं पाहिलं. मेघाला वाटलं, इथून उठावं आणि अड्याळची बस येईल तेव्हा येवो, हायवेवर उभं राहावं.

पण वर्गात पाठवलं. तिनं फळ्यावर जठर काढलं, लहान आतडं काढलं, मोठं आतडं काढलं. दुसऱ्या बाकावरची एक मुलगी, कपाळावर दोन टपोरे मुरुम असलेली, हात वर करून म्हणाली, "मॅडम, पोट साफ नाही झालं तर तोंडावर पिंपल येते काय?"

मुलं हसली. मागं बसलेल्या मुख्याध्यापिकाबाई हसल्या नाहीत. मेघानं खडू खाली ठेवला. या विषयावर बोलण्याचा तिच्याइतका अधिकार त्या दिवशी साऱ्या जिल्ह्यात कोणाला नव्हता. काय पक्कं माहीत आहे आणि काय अजून शास्त्रज्ञ शोधताहेत ते तिनं सांगितलं. आतड्यातल्या जंतूंबद्दल सांगितलं. लाज वाटते म्हणून डॉक्टरांशी खोटं बोलू नका, असं सांगितलं. आणि घरात जी शेवटी जाते तिला विचारा कधीतरी, असंही सांगितलं, ते पाठाच्या आराखड्यात नव्हतं. घंटा झाली तरी कोणी उठलं नाही.

आठवड्यानं नेमणुकीचं पत्र आलं. मेघानं ते ओसरीवर उभ्याउभ्या वाचलं, आणि शेवटच्या ओळीशी येऊन मटकन खाली बसली. शाळा सकाळच्या सत्राची. हजेरी सात वाजून वीस मिनिटांनी. म्हणजे अड्याळहून सहाची बस. म्हणजे साडेपाच ते सहा. पोटाची हाक यायची नेमकी तीच वेळ, पावणेसहा.

कुलदीप म्हणाला, दुसरा संडास बांधू. ग्रामपंचायतीत विचारलं तर अनुदान नाही, कारण यादीत या घरापुढं ‘पुरेशी सोय आहे’ असा शेरा होता, खाली अध्यक्ष म्हणून केशवरावांची सही. आपलं आपण बांधायचं तर गवंडी लग्नसराईत, मग पाऊस, मग धानाची रोवणी. दिवाळीनंतर पाहू, असं ठरलं. मेघाच्या हनुवटीवर त्याच संध्याकाळी एक उगवला. तो दिवाळीनंतरचं ऐकायला थांबला नाही.

कामाचा पहिला दिवस जूनमधला. मेघा पाचला उठली, पाणी प्यायली आणि पावणेसहा व्हायच्या आधीच, काही उपयोग नाही हे माहीत असूनही, परसात गेली.

केशवराव तिथं उभे होते. मोबाइल हातात, पण बातम्या बंद. ते दाराकडं पाहत होते. कडीत निंबाची ताजी डहाळी खोचलेली होती, पानांवर अजून पाण्याचे थेंब.

सुशीलाबाई हौदावर बादली भरत होत्या. वळून न पाहता म्हणाल्या, "माय अजून पुरी नाही गेली. इतक्यात नाही जात ते."

"डॉक्टरनं तर लिहून देल्लं," केशवराव चाचरले, "का काही नाही म्हणून."

"डॉक्टरले काय समजते?"

केशवरावांनी हौदाजवळचा डबा उचलला, दुपट्टा डोक्यावरून घेतला आणि ते फाटकाबाहेर गेले.

मेघा जागच्या जागी उभी होती. सुशीलाबाईंनी बादली खाली ठेवली आणि पदरानं हात पुसले. "जा ना. बस चुकन." मग हळू आवाजात, शकुनबाईंच्या भिंतीकडं पाठ करून म्हणाल्या, "माह्याबी तोंडावर होते व, नवीन होतो तवा. सारे म्हणत, गरमी हाय. छत्तीस साल झाले, मी साडेदहाले जातो." आणि त्या दाराबाहेर दगडावर ठाण मांडून बसल्या. "गुड्डीले मी पाहतो. बकरीलेबी."

मेघा आत गेली, कडी लावली. बाहेर सारं शांत होतं. थोड्या वेळानं तलावाच्या पाळीकडून, पहाटेच्या गारव्यात, कोणीतरी, बहुधा कवडूनं, शिट्टी वाजवली. लांब, खणखणीत आणि अगदी समाधानानं.